भंडारदऱ्याला जायचंय? आधी धरणाचा आकडा बघा

भंडारदऱ्याला कधी जावं, या प्रश्नाला बहुतेक जण "पावसाळ्यात" असं एका शब्दात उत्तर देतात. त्या उत्तरावर विसंबून निघालेली निम्मी माणसं धुक्यात उभी राहून परत येतात. इथलं प्रत्येक ठिकाण धरणातल्या पाण्याशी बांधलेलं आहे. पाणी चढत असताना एक धबधबा जिवंत असतो, सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट, सुटला की दुसरा. तलाव काठोकाठ भरला की रतनवाडीकडचं पाणी बघायचं, आणि पाणी उतरू लागलं की सांदण दरीत पाऊल टाकायचं. म्हणून आधी आकडा बघायचा आणि मग गाडी काढायची.

हा आकडा मिळवणं अवघड नाही. पावसाळ्यात नाशिक-अहिल्यानगरच्या वर्तमानपत्रांत रोज धरणसाठा छापून येतो. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट, अर्थात ११ टीएमसीच्या किंचित वर. साठ्याच्या शेजारी दोन आकडे असतात. "नवीन आवक" म्हणजे २४ तासांत धरणात किती पाणी आलं आणि "विसर्ग" म्हणजे या क्षणी किती सोडलं जातंय. आवक दलघफूमध्ये देतात आणि विसर्ग क्युसेकमध्ये, त्यामुळे दोन्हींची तुलना करताना गोंधळ होतो. एक हिशेब लक्षात ठेवा: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. सुमारे ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की १ टीएमसी, म्हणजे १,००० दलघफू भरतं. त्यामुळे "२४ तासांत ५०० दलघफू आवक" याचा अर्थ सरासरी ५,७८७ क्युसेकनं पाणी आत येतंय. साठा ९,००० असेल आणि आवक रोज ५०० असेल, तर चार दिवसांत धरण तोंडाशी येणार हे घरबसल्या कळतं.

यात एक बारकावा आहे. जुलैत धरण पूर्ण भरू देत नाहीत. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे आधी ठरलेलं असतं आणि त्याच्या वर येणारं पाणी खाली सोडतात, कारण पुढे आणखी मोठा पाऊस आला तर त्याला जागा लागते. म्हणून धरण भरलेलं नसतानाही विसर्ग सुरू असलेला दिसतो. पाऊस बरा झाला तर स्वातंत्र्यदिनाच्या आसपास धरण भरतं असा इथला जुना अनुभव आहे, आणि नेमकी त्याच सुट्टीला सगळ्यात जास्त गर्दी उसळते.

धरणाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बरेच जण भिंतीकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात. प्रवरेवरचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं. ८२ मीटर उंचीची ही भिंत घडीव दगडांची आहे. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून हे विल्सन डॅम, आणि मागचा तलाव आर्थर लेक. १९६९ साली या भिंतीला तडे गेले आणि गळती वाढली. त्यानंतर तलावाच्या उलट, खालच्या बाजूनं जाड आधारभिंती बांधून तिला टेकू दिला. खालच्या बागेच्या बाजूनं बघितलं की जुनी दगडी भिंत आणि नंतरचं बांधकाम दोन्ही ओळखू येतं. पावसाळ्यात सुरक्षेसाठी भिंतीवर जाऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे हुज्जत घालू नका.

हे पाणी पुढे निळवंडे धरणातून आणि ओझर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांतून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांवर जातं. प्रवरानगरला १९५० साली उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना ज्या उसावर चालला, त्याची मुळं या घाटमाथ्यावरच्या पावसात आहेत. "आवर्तन" हा शब्द इथे सतत कानावर पडेल. ठरलेल्या पाळीनं कालव्यात सोडलेलं पाणी म्हणजे आवर्तन. ते सुटलं की तलाव उतरतो आणि काठावरचं सगळं चित्र पालटतं.

आता धबधबे. अंब्रेला फॉल भिंतीच्या अगदी पायथ्याशी आहे. मोरीतून, म्हणजे भिंतीतल्या पाणी सोडायच्या दारातून, सोडलेलं पाणी गोलाकार खडकावर पसरून छत्रीसारखं पडतं, म्हणून हे नाव. इथे बहुतेकांची फसगत होते. वर कितीही पाऊस पडत असो आणि सांडव्यातून हजारो क्युसेक जात असोत, मोरी बंद असेल तर छत्री उघडत नाही. सांडव्याचं पाणी बाजूच्या वेगळ्या वाटेनं नदीला मिळतं. त्यामुळे बातमीत नुसतं "विसर्ग सुरू" असं वाचून अंब्रेला फॉलसाठी निघू नका. पाणी मोरीतून सोडलंय की सांडव्यातून, हे वाचा किंवा धरणाजवळच्या शेंडी गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

रंधा धबधबा शेंडीहून राजूरच्या रस्त्याला साधारण दहा किलोमीटरवर आहे. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. शेजारी घोरपडादेवीचं मंदिर आहे. वीजनिर्मितीसाठी नदीचं पाणी धबधब्याच्या अलीकडून वळवतात, म्हणून पाऊस ओसरला की रंधा बारीक होतो. जानेवारीत तिथे नुसता काळा कातळ बघायला मिळाला तर नवल नको. विसर्ग चार-पाच हजार क्युसेकच्या पुढे असला की मात्र त्याचा आवाज छातीत घुमतो. तो कठड्यामागूनच बघा. नदीपात्रात उतरण्याचा मोह सगळ्यात धोक्याचा, कारण वरचा विसर्ग तासाभरात दुप्पट होऊ शकतो आणि पाऊस पडत नसतानाही पाणी वाढतं. रंध्याला ऊन पडलेलं असतं, तेव्हाच घाटघरला ढगफुटीसारखा पाऊस सुरू असू शकतो.

या भागाचा गाभा म्हणजे तलावाभोवतीचा रस्ता. शेंडीहून उत्तर काठानं मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेलवरून परत शेंडी. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पण याला पूर्ण दिवस द्या. सकाळी आठच्या आत निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारी अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या अडकतात आणि मागे घ्यायला जागा नसते. गर्दीच्या दिवसांत पोलीस एकेरी वाहतूक करतात, त्यामुळे कोणत्या बाजूनं फिरायचं ते नाक्यावर विचारूनच वळा.

गाडीची टाकी घोटीला किंवा राजूरला भरून घ्या. पुढे फेरीत पेट्रोल मिळेल असं गृहीत धरू नका. पैसे रोख ठेवा, कारण मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि रेंज नसली की क्यूआर कोडचा उपयोग नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. धुक्यात हेडलाइट अप्पर ठेवू नका. उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो आणि आधी दिसत होतं तेवढंही दिसत नाही. लोअरवर, हळू आणि डाव्या कडेच्या अंदाजानं चालवा. वाटेत कितीही सुंदर ओहळ दिसला तरी वळणावर गाडी उभी करू नका. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी जात असेल तर थांबा, पाणी ओसरायला फार वेळ लागत नाही. पाण्याखाली रस्त्याची कड खचलेली असली तर ती गाडीतून दिसत नाही.

ही सगळी वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी लागते, ती दिवसभर जपून ठेवा. मद्य आणि साउंड सिस्टिम गाडीत ठेवून आत जायचा विचार असेल तर दुसरं ठिकाण निवडलेलं बरं. सकाळी लवकर, झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवून चाललात तर शेकरू दिसू शकतं.

घाटघरला पोचलात की कोकणकड्यावर उभे राहा. समोर जमीन संपते आणि खाली शहापूर तालुका दिसतो. इथे पावसाळ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, आणि पूर्वेला काही तासांच्या अंतरावर असलेला याच अहिल्यानगर जिल्ह्याचा भाग दुष्काळी म्हणून ओळखला जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला आपटून वर चढतात, गार होतात आणि बहुतेक पाणी इथेच सोडून देतात. पलीकडे उरतो तो कोरडा वारा. पर्जन्यछायेचा धडा पुस्तकात वाचलेल्या मुलांना इथे आणून उभं करावं.

घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही समजून घेण्यासारखा आहे. वरच्या जलाशयातून पाणी कड्याखालच्या जलाशयात सोडून मागणीच्या वेळी वीज करायची, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. १२५ मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकूण २५० मेगावॉट. पाणी वर चढवायला निर्माण होते त्यापेक्षा जास्तच वीज लागते, तरी हा व्यवहार परवडतो, कारण विजेचं मोल वेळेवर ठरतं. इथल्या धरणांसाठी थरावर थर देऊन रोलरनं दाबलेलं काँक्रीट वापरलंय. आत जायला परवानगी लागते, वरचा जलाशय मात्र रस्त्यावरून दिसतो.

पावसाळ्यात घाटघरहून कडा दिसेलच असं नाही. धुकं असेल तर तासभर थांबून बघा. वारा जोरात असेल तर पडदा मध्येच फाटतो, वारा पडला असेल तर वाट बघण्यात अर्थ नसतो. आणि धुक्यात कड्याच्या टोकाकडे सरकू नका. गवताखालची माती भिजून सुटलेली असते, गवत मात्र घट्ट दिसतं.

पुढे साम्रद. सांदण दरी इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये पडलेली ही अरुंद भेग जवळपास दोन किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की हात पसरले तर दोन्हींना लागतील. पावसाळ्यात इथे आत जायचं नाही. आजूबाजूच्या उतारांचं सगळं पाणी या भेगेतूनच वाहून जातं, आणि आत सापडलेल्या माणसाला बाजूला सरकायला जागाच नसते. नियमानं बंदी असते, पण बंदी नसती तरी हेच सांगितलं असतं. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर मार्च-एप्रिलमध्येही आत उतरू नका.

डिसेंबरपासून वाट खुली होते. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. डिसेंबरात त्यांतलं पाणी छातीपर्यंत असू शकतं, एप्रिलपर्यंत साधारण गुडघ्याच्या खाली येतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मार्चनंतरच या. पाणी बर्फासारखं गार असतं आणि पुढे ऊन नसल्यामुळे कपडे वाळत नाहीत. जीन्स ओली झाली की जड होते, मांड्या घासतात, म्हणून लवकर वाळणारी पँट घाला. चप्पल, सँडल नकोत. पकड असलेले बूट घाला आणि ते भिजणारच हे धरून चाला, अनवाणी डोह ओलांडताना पाय कापतात. मोबाइल आणि सुके मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड बांधा. पुढची वाट मोठ्या धोंड्यांवरून जाते. दरीच्या तळाशी पडलेला प्रत्येक धोंडा कधीतरी वरून आलेला आहे, त्यामुळे कड्याला टेकून जेवायला बसू नका आणि ओरडून प्रतिध्वनी काढण्यापेक्षा वर लक्ष ठेवा. ऊन दरीच्या तळापर्यंत अकरा ते एकच्या दरम्यानच पोचतं, फोटो काढायचे असतील तर तेवढाच वेळ.

सामान्य पर्यटकानं पहिल्या दोराच्या टप्प्यापर्यंत जाऊन मागे फिरावं. तो टप्पा चाळीस-पंचेचाळीस फुटांचा सरळ उतार आहे. तिथून पुढे दोर, हार्नेस, हेल्मेट आणि अनुभवी माणसं असल्याशिवाय जायचं नाही, कारण एकदा खाली उतरलं की त्याच वाटेनं परत येणं जवळपास अशक्य होतं आणि खाली करोली घाटाकडे किंवा डेहणे गावाकडेच बाहेर पडावं लागतं. गावातला वाटाड्या घ्या. तो वाट तर दाखवतोच, शिवाय आज दरीत उतरावं की नाही हेही आकाशाकडे बघून सांगतो.

साम्रदहून रतनवाडीला आलात की अमृतेश्वर मंदिर. शिलाहार काळातलं हे मंदिर भूमिज शैलीच्या शिखरासाठी बघा. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात, आणि मधल्या पट्ट्यांवर बारीक जाळीचं काम आहे. सकाळी किंवा चारनंतर तिरपं ऊन पडलं की ते उठून दिसतं, भर दुपारी सपाट वाटतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जवळच विष्णुतीर्थ नावाची पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या देवळ्यांमध्ये विष्णूच्या मूर्ती आहेत. दोन्ही ठिकाणी खडू, नारळाचं पाणी, तेल काहीही दगडाला लावू नका. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि या दगडानं हजारेक वर्षं पाऊस सोसलाय, पण तेलकट थरावर धरणारं शेवाळ त्याला सोसत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तलाव भरलेला असताना रतनवाडीपर्यंत होडीनं येता येतं. होडी सकाळी घ्या. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठतात. लाइफ जॅकेट नुसतं अडकवू नका, पट्टे ओढून बसवा. ढिलं जॅकेट पाण्यात माणसाला सोडून एकटंच वर येतं.

तलावात पोहायला उतरू नका. नदीसारखा हळूहळू खोल होत जाणारा काठ इथे नाही. हा मुळात डोंगराचा उतार आहे, त्यावर पाणी चढलंय. दोन पावलं कमरेएवढं, तिसऱ्या पावलाला तळ नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे गेलं की काठावर गाळ उघडा पडतो, वरून तडकलेला आणि वाळलेला दिसतो, पण खाली मऊच असतो. त्यावर गाडी नेली की रुतलीच, आणि ट्रॅक्टर शोधण्यात संध्याकाळ जाते.

रतनगडाचा चढ रतनवाडीहून तीन तासांचा आहे. गड १,२९७ मीटर उंच, आणि प्रवरा याच्याच कुशीत उगम पावते. वाट सुरुवातीला नदीकाठानं जाते आणि पात्र अनेकदा ओलांडते. जोराच्या पावसात सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत येतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गड टाळा. पुढे दाट जंगल, मग लोखंडी शिड्या आणि गणेश दरवाजा. वर गुहा, पाण्याची टाकी, त्र्यंबक दरवाजा आणि सगळ्यात माथ्यावर नेढं. वाऱ्या-पावसानं खडकाला पडलेलं हे आरपार भोक एवढं मोठं आहे की आत कितीतरी माणसं बसतात. वारा मात्र ढकलत असतो, तेव्हा टोपी आणि मोबाइल सांभाळा. सप्टेंबरच्या शेवटी सगळा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो. वर्षातून एकदाच जायचं असेल तर त्याच आठवड्यात जा.

कळसूबाईबद्दल फार लिहीत नाही. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, वाट बारी गावातून, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या, तीन-साडेतीन तास चढ. रविवारी शिड्यांवर रांग लागते, मधल्या वारी जा. भंडारदऱ्याच्या फेरीला आणि कळसूबाईला वेगवेगळे दिवस द्या.

राहिले काजवे. मेच्या शेवटापासून मॉन्सून नीट सुरू होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ यांच्या झाडांवर ते लखलखतात, आणि झाडच्या झाड एका तालात उजळतं आणि विझतं. नर मादीला खुणावत असतात. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, चांदण्यात हा उजेड फिका पडतो. जोराचा पाऊस सुरू झाला की हंगाम संपतो. या दिवसांत हजारो गाड्या येतात आणि नुकसानही इथेच होतं. गाडीचे दिवे, फ्लॅश, मोबाइलची टॉर्च यांत त्यांची खूण हरवते आणि मीलन होत नाही. अंडी झाडाखालच्या ओल्या मातीत असतात, ती पायाखाली जातात. म्हणून झाडापासून लांब, रस्त्यावरच उभे राहा. दिवे बंद करून पंधरा मिनिटं गप्प बसा, डोळे अंधाराला सरावले की जास्त दिसतं. वाटेसाठी उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि तो जमिनीकडे धरा.

मुक्कामासाठी शेंडीत हॉटेलं आहेतच, पण रतनवाडी, साम्रद, पांजऱ्यात घरांतून राहायची सोय होते आणि पैसे थेट गावात राहतात. ही गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. १८४८ साली ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. देशी वाणांच्या जपणुकीसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणेही याच तालुक्यात. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि मिळाला तर काळभात मागा. आयत्या वेळी वीस माणसांनी दारात उभं राहून पनीर मागितलं की त्या घराची धावपळ होते आणि तुमच्या ताटात घोटीहून आणलेलं शिळं येतं. कचरा परत गाडीत घाला, कारण गावात तो उचलायला गाडी येत नाही. काठावर टाकलेली बाटली पहिल्या आवर्तनात खाली निळवंड्याकडे जाते.